पल्याडच्या यादीतलं नाव

(उंबरखोलचा धनगरवाडा, सह्याद्रीच्या कड्याखाली. श्रावणातली उघडीप, दुपार. दरडीच्या भीतीने वाडीतली माणसं पावसापुरती खालच्या शाळेत हलवलीत; म्हशींसाठी वर राहिलेली येसूबाई गोठ्याच्या दारात ताक घुसळत बसलीय. नातू मितेश देवरूखहून येऊन, घाटी चढून आत्ताच पोचलाय.)

मितेश : तीनदा वाचली, आजी. वरून खाली, खालून वर. तेरा घरांची नावं आहेत. आपलं नाही.

येसूबाई : नजरचुकीनं ऱ्हायलं आसंल. तुझ्या आज्याचं नाव नीट बघितलंस का? म्हादू बाबू झोरे. कचेरीत कुनी म्हाद्या लिवतं, कुनी म्हादेव.

मितेश : राहिलं नाही, काढलंय. यादीच्या खाली वेगळी ओळ आहे. अपात्र. त्यात एकच नाव. महादू बाबू झोरे, मयत, वारस नातू मितेश.

येसूबाई : अपात्र म्हंजी?

मितेश : म्हणजे खाली आपल्याला प्लॉट नाही, घर नाही. दरड येणार म्हणून अख्खी वाडी खाली नेऊन बसवणार, आणि आपण तेवढे इथे, कड्याला पडलेल्या त्या भेगेखाली.

येसूबाई : आदी पानी पी. पार भिजलायस घामानं.

मितेश : पाणी नको. मला एक सांग, आणि खरं सांग. आजोबा मूळचे कुठले?

येसूबाई : कुठलं म्हंजी? हितलंच की.

मितेश : इथले कधीपासून?

येसूबाई : तुझा बाप जलमायच्या आदीपासनं.

मितेश : आणि त्याच्या आधी?

येसूबाई : थांब वाईच. लोनी वर आलंय, हात सोडला तर मोडंल.

मितेश : राहू दे ते लोणी! साहेबांनी मला कागद दाखवला, आजी. पलीकडच्या जिल्ह्यातून आलेला. तिकडचं धरण झालं ना, त्यात बुडालेल्या घरांची यादी. गाव सावळवाडी. बाबू झोरे, मुलगा महादू, सून येसू, वय अठरा. तुझं नाव आहे त्यात.

येसूबाई : माजं बी लिवलं व्हतं?

मितेश : तुला माहीत नव्हतं?

येसूबाई : आमाला कुनी वाचून दावलं न्हाई. मामंजींचा अंगठा घेतला आनि सांगितलं, जावा. अठरा लिवलं व्हय? आसंल. माज्या आईलाबी माजं वय ठावं नव्हतं.

मितेश : हसण्यासारखं नाही हे. त्याच यादीत पुढे लिहिलंय, देशावर दोन एकर जमीन दिली म्हणून. गटनंबरासकट. साहेब म्हणाले, एका घराला सरकार दोनदा वसवत नाही. मी तिथे भांडत होतो. ओरडून सांगत होतो की आम्ही पिढ्यान्‌पिढ्या उंबरखोलचे. सगळे बघत होते माझ्याकडे. आणि त्यांनी शांतपणे कागद फिरवून माझ्यासमोर ठेवला.

येसूबाई : बस बाबा. बस हितं उंबऱ्यावर.

मितेश : बाबांना माहीत होतं?

येसूबाई : न्हाई. तुझ्या बापाला आमी काय सांगितलं न्हाई. आनि त्यो जाऊन धा वरसं झाली, आता कुनाला सांगू?

मितेश : मला सांग.

येसूबाई : काय सांगायचं त्यात. कड्याच्या माथ्यावर उभं ऱ्हायलं की पल्याड जे पानी दिसतंय ना, त्याच्या बुडाशी आमची वाडी. तवा पानी नव्हतं. कड्याच्या अल्याडपल्याड मिळून सात वाड्या व्हत्या आमच्या लोकांच्या. सोयरीक एक, देव एक. खाडीवरचं मीठ बैलावर लादून आमचं जुनं लोक ह्योच घाट चढायचं. जाताना मीठ, येताना जोंधळा. वाटंवर जिथं बैलाला पानी आनि गवत गावलं तिथं मुक्काम, आनि मुक्कामाच्या झाल्या वाड्या. कवा लोनी देवरूखला इकायचं, कवा तिकडच्या बाजारात. पाऊस पडला की अर्दं पानी हिकडं दर्याला, अर्दं तिकडं देशाला. येवढीच काय ती हद्द. ह्यो जिल्हा आनि त्यो जिल्हा हे धरनाच्या मोजनीवाल्यांनी सांगितलं तवा कळलं.

मितेश : मग तेव्हाच इकडे का नाही उतरलात?

येसूबाई : मामंजी म्हनले, सरकार जमीन देतंय. आमच्यात कुनाच्या सात पिढ्यांत नावावर जमीन नव्हती. रान जंगलखात्याचं, सडा खोताचा, आमच्या नुसत्या म्हशी. त्यांना वाटलं, नातवंडं तरी जमीनवाली व्हतील. घरादारांवर चुन्याचे नंबर मारले आनि लॉरी आली. पन म्हशी लॉरीत कशा घालायच्या? बायामानसं, म्हातारी लॉरीतनं गेली. आमी दोघं चौदा म्हशी घिऊन चालत. आठ दिस.

मितेश : तू आणि आजोबा?

येसूबाई : लगीन हून सा म्हयनं झालं व्हतं. त्यो बोलायचा न्हाई माज्याशी, लाजायचा. चालता चालता बोलाय शिकला.

मितेश : आणि जमीन?

येसूबाई : मिळाली की. काळी भुई, झाड म्हनून न्हाई. पयल्या साली पाऊस कमी पडला. दुसऱ्या साली पडलाच न्हाई. बहात्तरचा दुष्काळ म्हनत्यात, त्यो. म्हशीला दिसातनं एकदा पान्यात बसाय लागतं, न्हाईतर ती उन्हानं येडी व्हती. तिथं मानसाला प्याया न्हाई. एकेक करून बसल्या त्या, उठल्याच न्हाईत. आमी सडकंवर खडी फोडाय जायचो. दुपारी खायाला सरकारी सुकडी मिळायची. मामंजी तिथंच गेले. मग आमी दोघं परत निघालो.

मितेश : परत कुठे? वाडी तर बुडाली होती.

येसूबाई : माथ्यावर आलो आनि बघितलं. नुसतं पानी. त्या वरसाला देशावर घोटाला पानी न्हाई, आनि आमच्या वाडीवर चार पुरुस पानी. मग हिकडं उतरलो. तुझ्या आज्याची आत्या हितं दिलेली, म्हंजी गोदूची सासू. तिनं ह्या गोठ्याची जागा दिली. झालं.

मितेश : झालं म्हणजे? त्या दोन एकरांचं काय झालं?

येसूबाई : सोडली.

मितेश : विकली?

येसूबाई : सोडली म्हनलं ना. कागद न्हाई, काय न्हाई. शेजारचा एक शेतकरी व्हता, अण्णा म्हनायचे त्याला सगळे. त्यानं गाडी जुपली आनि आमाला घाटाच्या पायथ्यापातुर आनून सोडलं. वाटंला धा भाकरी दिल्या. माजं मालक म्हनले, अण्णा, रान तुमी करा.

मितेश : दहा भाकऱ्यांना दोन एकर!

येसूबाई : तवा कुनी भाकर देत नव्हतं, मितेश.

मितेश : आजी, ऐक. ती जमीन अजून आजोबांच्याच नावावर आहे. साहेबच म्हणाले, वारस नोंद करा, तुमची आहे. मी तिथल्या सरपंचाचा नंबर काढला, खालच्या कातळावर रेंज येते तिथून फोन लावला. त्या अण्णांचा नातू कसतोय ती. आणि तिथे आता कॅनॉल आलाय. माहितीय कुठल्या धरणाचा?

येसूबाई : कुठल्या?

मितेश : त्याच. तुमच्यावर जे पाणी आहे, तेच तिकडे सोडतात. हा बघ, सरपंचाने फोटो पाठवलाय. अख्ख्या रानात ऊस.

येसूबाई : लांब धर, मला जवळचं दिसत न्हाई. हिरवंगार हाय रे.

मितेश : बारमाही पाणी. आपल्या नावावर. आणि आपण इथे वाघाच्या भीतीने दिवसाढवळ्या म्हशी कोंडून बसतोय.

येसूबाई : बांध कुठं हाय ह्यात?

मितेश : कसला बांध?

येसूबाई : दक्षिनंला बांध व्हता एक. बाभळ व्हती त्याच्यावर.

मितेश : इथे काही दिसत नाही. सगळा ऊसच आहे. का?

येसूबाई : उगीच इच्यारलं. ठेव त्यो फोन.

मितेश : मी वकील बघतो, आजी. खाली प्लॉट देत नाहीत ना, नको देऊ देत. तिकडची आपली हक्काची आहे. त्या नातवाला मी बोललो तसं. तर म्हणतो, पन्नास वर्षं आम्ही राबलो, या कोर्टात. येऊ म्हटलं.

येसूबाई : आसं बोललास त्याला?

मितेश : मग काय पाया पडू? आमची जमीन खातोय तो.

येसूबाई : त्याच्या आज्यानं खांदा दिला मामंजींना. आमच्यातलं चौथं मानूस नव्हतं तिथं. गावातलं दुसरं कुनी आलं न्हाई. आमी तिथल्या लोकांना उपरं. त्यांच्याच गायरानावर सरकारनं आमाला बसवलं, त्यांचा बी राग बरुबर व्हता. एकटा अण्णा आला. त्याच्या नातवाला तू कोर्टात वडनार?

मितेश : मग माझ्या लेकीला, ज्ञानेश्वरीला, कुठे ठेवू मी? सांग ना! रुपालीने काल स्पष्ट सांगितलं, मी लेकीला घेऊन परत वाडीवर चढणार नाही. शाळेतून सगळे आपापल्या प्लॉटवर जातील आणि मी तिला माहेरी पाठवून देऊ? परवा मी त्या भेगेत बांबू घातला. गेल्या वर्षी अर्धा जायचा. आता पुरा गेला, वर हातात काही राहिलं नाही.

येसूबाई : कुनी सांगितलं कचेरीत?

मितेश : काय?

येसूबाई : पन्नास वरसांचा पल्याडचा कागद आपल्या पायांनी चालत आला का? कुनीतरी सांगितलं आसंल, हे लोक तिकडचं म्हनून.

मितेश : हरकत घेतलीय एकाने. अर्जाची नक्कल आहे माझ्याकडे. तुला सांगणार नव्हतो.

येसूबाई : नाव वाच.

मितेश : जानू धोंडू कोकरे.

येसूबाई : गोदूचा जानू?

मितेश : तोच. जानूकाका. लिहिलंय बघ, 'सदर कुटुंब स्थानिक नसून देशावरील आहे, त्यांच्या बोलीवरूनही हे दिसून येते.' बोलीवरून! तू अजून 'न्हाई' म्हणतेस, हा पुरावा.

येसूबाई : बरुबरच हाय त्याचं. म्हनतेच मी न्हाई.

मितेश : आजी!

येसूबाई : गप. कोनतरी चढून येतंय. कुत्रं भुकत न्हाई म्हंजी आपलंच.

गोदूबाई : येसू, हायस काय गो? श्वास लागला बाय मला. ही घाटी आता चढवत नाय.

मितेश : ये गोदूआजी. बरोबर वेळेवर आलीस. तुझ्याच लेकाच्या अर्जाचं वाचन चाललंय.

येसूबाई : मितेश, आदी तिला बसाय घोंगडी दे. ये गोदू. ताक घे.

गोदूबाई : ताक नको. तुज्या घरचं पानी प्यायला तोंड नाय मला आज. काल रात्री शाळेत कळलं. तोपातुर मला ठावंच नव्हतं, देवाशपथ सांगतंय. जानूनं हरकत दिलीन. मला न सांगता दिलीन.

मितेश : का? आपलं काय वाकडं होतं?

गोदूबाई : वाकडं कुठं काय. त्याला दोन पोरं. दोघांच्या बायकांचं पटत नाय. खाली चौदाच प्लॉट पाडलेत आनि घरं चौदा, आसं कोनी सांगितलान त्याला. एक घर गळलं म्हंजी धाकट्याला येगळा प्लॉट मिळंल म्हनून हा मेला कचेरीत गेला. पन धाकट्याला प्लॉट काय मिळाला नाय. घर मोजलं, चूल मोजली नाय. म्हंजी तुमचं गेलं आनि आमचंबी काय आलं नाय.

मितेश : वा. छान झालं.

गोदूबाई : बोल बाबा, तुजा हक्क हाय. पन मी त्याला सोडला नाय. सगळ्या वाडीसमोर इचारलं. म्हटलं, मेल्या, आपन तरी हितले काय रे? तुज्या बापाचा पनजा पल्याडनंच उतरलान, कोळशाच्या भट्टीवर मजुरीला. ममईच्या सावकाराला कोळसा व्हवा व्हता, म्हनून ही वाडी बसली. भट्ट्या इझल्या, सावकार गेला, मानसं ऱ्हायली. त्यांनी म्हशी घेतल्यानी. कोन आदी उतरला, कोन मागनं, येवढाच काय तो फरक. काल रातीपासून जेवले नाय मी. सांगितलं त्याला, येसूचं नाव नाय तर माजं नाव तुज्या घरात घालू नको. मी वर जाऊन तिच्या गोठ्यात ऱ्हातंय.

येसूबाई : खुळी हायस. ह्या वयात उपाशी ऱ्हातात व्हय?

गोदूबाई : मग उतरला. रडला गो. म्हनाला, आये, माजी मती गेली. सकाळी कचेरीत फोन लावलान, हरकत मागं घेतो म्हनून. तर साहेब म्हनाले, आता तुज्या हातात काय नाय, पल्याडचा कागद आलाय.

मितेश : तेच तर मला सांगितलं.

गोदूबाई : पन वाट हाय एक. जानू कचेरीबाहेरच्या टायपिंगवाल्याला इचारून आलान. त्या कागदातला म्हादू झोरे येगळा आनि आपला म्हादू येगळा, आसं लिवून द्यायचं. नाव एक, मानूस दुसरा. वाडीतली पाच जनं साक्षीला. जानू सोता सही करनार, माजी वळखायला चूक झाली म्हनून. हा बघ, टायपिंगवाल्यानं नमुना दिलान.

मितेश : बघू. पण त्या यादीत सुनेचं नावसुद्धा येसूच आहे.

गोदूबाई : धनगरवाड्यात दर घरात एक येसू हाय. त्यांना काय कळतंय.

मितेश : हे चालेल, आजी. नमुना बरोबर आहे. त्या यादीतली जिवंत तू एकटीच, त्यामुळे जबाब तुझा लागणार. 'आमचे कुटुंब पूर्वापार उंबरखोल येथीलच असून कधीही अन्यत्र स्थलांतरित झालेले नाही.' खाली तुझा अंगठा. बाकी पाच सह्या. चालेल हे.

येसूबाई : आनि त्यो ऊस?

मितेश : तो मग गेला. आपण ते झोरेच नाही म्हटल्यावर तिकडे कुठल्या तोंडाने हक्क सांगणार? कायमचा गेला. दोन्हीपैकी एकच काहीतरी.

गोदूबाई : कोर्टात तीस वरसं जातात, पोरा. दरड तीस वरसं थांबत नाय.

मितेश : हो. कळतंय मला. मग लिहू का, आजी?

येसूबाई : वाईच थांब.

मितेश : का? मघाशी तूच म्हणालीस ना, त्या माणसाला कोर्टात ओढू नको? मग आता कशाला थांबायचं?

येसूबाई : कवाच गेलो न्हाई, आसं लिवायचं ना?

मितेश : हो.

येसूबाई : तिकडं कवा पाऊलच टाकलं न्हाई.

मितेश : हो, तसंच. जमिनीचा मोह आहे का तुला? मला आहे, खरं सांगतो. पण तू तर...

गोदूबाई : जमिनीचं नाय रे ते. येसू, सांग त्याला. नायतर मी सांगतंय.

येसूबाई : गोदू, नगो.

गोदूबाई : पन्नास वरसं मी तोंड शिवून ठेवलं, तू सांगितलंस म्हनून. तुज्या लेकाला सांगितलं नाय, सुनंला सांगितलं नाय. आता ह्याला कळू दे, तो काय लिवतोय ते. मितेश, तुज्या बापाच्या आदी तुज्या आजीला एक मुलगी झालेली. तिथं देशावर.

मितेश : काय?

गोदूबाई : खडीच्या कामावर झालेली.

मितेश : आजी?

येसूबाई : कामावर न्हाई. कामावरनं आल्यावर, सांजच्याला. चांगली व्हती. केस लई व्हते तिला.

मितेश : मग?

येसूबाई : अकरा दिस व्हती. म्हशी आटल्या व्हत्या, आनि मी बी आटले. सुकडीचं पानी करून बोटानं चाटवायची मी तिला. मालक गावात गेले, दूध मागाय. दारोदार. आमची सगळी जिनगी लोकांच्या दारात दूध घालन्यात गेलेली, आनि त्या दिवशी त्यो रिकामा गडवा घिऊन फिरला. गवळ्याला दूध मागताना बघून हसलं कुनीतरी. त्याला ते हसनं मरस्तवर ईसरता आलं न्हाई.

मितेश : त्या बांधावर...?

येसूबाई : अण्णानं जागा दाखवली. बाभळीखाली. म्हनला, आक्का, माज्या वंशातला कुनी हितं नांगर घालनार न्हाई. रान त्याला दिलं ते त्याच्यासाठी. भाकरीसाठी न्हाई.

मितेश : आणि मी त्याच्या नातवाला...

येसूबाई : तुला ठावं नव्हतं.

गोदूबाई : ती इथं उतरली ना, तो दिवस माज्या डोळ्यासमोर हाय. माजा जानू तवा दोन म्हयन्यांचा. मी दारात त्याला पाजत बसलेली. ही आली, बोलली नाय, काय नाय, हात पुढं केलान. मी जानूला दिला तिच्याकडं. तीन दिस तिनं त्याला खाली ठेवलान नाय. माजी सासू म्हनाली, ऱ्हाऊ दे, घेऊ नको काढून. तो हा जानू. काल त्याला हे सांगितलं तवा तो रडला.

येसूबाई : त्याला कशाला सांगितलंस गं? पोराच्या जिवाला घोर.

गोदूबाई : लागू दे घोर.

मितेश : आजी, मग हे नको. मी खोटं नाही लिहीत. आपण खरं तेच लिहू. गेलो होतो, दुष्काळ पडला, माणसं गेली, जमीन सोडून परत आलो. माणसंच आहेत ती कचेरीतली, समजून घेतील.

येसूबाई : पुरावा मागतील.

मितेश : तू सांग ना सगळं. जसं मला सांगितलंस तसं.

येसूबाई : मी सांगीन. ते इच्यारतील, मुलगी झाल्याचा दाखला हाय का? गेल्याचा हाय का? मामंजींचा हाय का? जमीन सोडल्याचा कागद हाय का? काय दावू मी त्यांना? तुझ्या फोनमदला ऊस?

मितेश : पण...

येसूबाई : आनि खरं लिवलं तर ते त्यांच्याच यादीशी जुळतंय. गेलो व्हतो. मग म्हनतील, बघा, आमी म्हनतच व्हतो. खऱ्यानंच आपन अपात्र हून बसलोय, मितेश.

मितेश : आपण थोडं थांबू. आमदारांकडे जाऊ. म्हणणं मांडायला अजून सात दिवस आहेत.

येसूबाई : बांबू पुरा गेला म्हनलास ना?

मितेश : गेला.

येसूबाई : मग सात दिस कशाचं हायत?

गोदूबाई : येसू, तुज्यावर जबरदस्ती नाय गो. तुज्या मनात नसंल तर मी वर येऊन ऱ्हातंय. दोघी ऱ्हाऊ. ही पोरं जाऊ देत खाली.

येसूबाई : तू वर येशील, मी वर ऱ्हाईन. पन ह्याचं नाव माज्या मालकाच्या नावाला बांधलंय, ते कसं सोडवायचं? मामंजींनी नातवंडांसाठी अंगठा दिला. आता मीबी नातवंडांसाठीच देनार. ज्ञानेश्वरी दोन वरसांची हाय. तिला दूध हाय, आई हाय, नाव हाय. तिला रातच्याला डोंगराकडं कान लावून निजावं लागू नये. येवढंच.

मितेश : तू कधी परत गेली नाहीस तिकडे? बघायला?

येसूबाई : मालक एकदा म्हनले व्हते, जाऊ. मी म्हनलं, नगो. बाभळ नसली तर मला जागा सापडायची न्हाई. आनि असली तर मला परत निघवायचं न्हाई.

मितेश : कॅनॉलमुळे काढली असेल बाभळ. नातवाला माहीत नसेल. मी फोन करतो त्याला. माफी मागतो, आणि विचारतो.

येसूबाई : नगो इच्यारू. इच्यारलंस तर त्यो सांगंल. पेन हाय का तुझ्याकडं?

मितेश : आहे.

येसूबाई : लिही मग. मी येसू म्हादू झोरे, ऱ्हानार उंबरखोल धनगरवाडा.

मितेश : लिहिलं.

येसूबाई : माजं मालक जलमापासनं हितलंच.

मितेश : 'माझे पती जन्मापासून येथीलच.' लिहिलं.

येसूबाई : आमी कवा देशावर गेलो न्हाई. ती जमीन आमची न्हाई. ज्याची आसंल त्याला लखलाभ.

मितेश : शेवटचं असं लिहीत नाहीत. बाकी लिहिलं.

गोदूबाई : बास ना रे? झालं ना?

मितेश : नमुन्यात अजून एक ओळ आहे. 'सदर गावी आमची कोणतीही मालमत्ता नाही, तसेच आमच्या कुटुंबातील कोणीही व्यक्ती तेथे...' आजी, ही ओळ मी गाळतो.

गोदूबाई : गाळ. कोन इचारतंय.

येसूबाई : गाळू नगो. वळ कमी दिसली तर संशव येईल त्यांना.

मितेश : माझ्याने नाही लिहवत.

येसूबाई : मला लिवता येत आसतं तर मी लिवलं आसतं. लिही बाळा. तिकडं आमचं कुनी न्हाई.